विद्यापीठाचा सामुदायिक रेडिओ कसा चालवायचा: परवान्यापासून पावसाळ्यापर्यंत

एप्रिल उजाडला की कॅम्पसवरच्या रेडिओचा कस लागतो. वर्षभर शिकून तयार झालेली मुलं परीक्षेच्या अभ्यासाला लागतात, मे महिन्यात वसतिगृह रिकामं होतं आणि ज्यांच्या आवाजाची परिसराला सवय झालेली असते ते जूनमध्ये कुठल्याशा शहरात नोकरीवर रुजू होतात. मी नऊ वर्षं एका विद्यापीठाच्या सामुदायिक रेडिओवर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी त्यांच्याच सहभागाने चालणाऱ्या छोट्या एफएम केंद्रावर, काम केलं. पहिली दोन वर्षं दर उन्हाळ्यात आमचं केंद्र जवळजवळ मुकं व्हायचं. म्हणून या लेखात यंत्रांची, परवान्याची, पैशाची सगळी माहिती देतोच, पण प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारत राहणार आहे: मुलं गेल्यावर हे काम कोण करणार?

आधी ऐकणारे, मग परवाना

बरेच जण सुरुवात स्टुडिओच्या आराखड्यापासून करतात. तुम्ही पायी फिरण्यापासून करा. विद्यापीठाभोवतीच्या दहा किलोमीटरचा नकाशा भिंतीवर लावा. त्यावर गावं, वाड्या, वस्त्या, ऊसतोड मजुरांचे तळ, एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्या, दवाखाने, बसथांबे अशा खुणा करा. मग दोन-दोनच्या जोड्यांनी जाऊन बसा आणि तीनच गोष्टी विचारा: दिवसात हात कामात पण कान मोकळे कधी असतात, कुठली माहिती वेळेवर मिळत नाही, आणि गावात चांगलं बोलणारं, गाणारं, सांगणारं कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. पुढे केंद्र याच लोकांच्या जिवावर चालणार आहे.

परवाना येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. तेलंगणातल्या संगारेड्डी जिल्ह्यात झहीराबादजवळ संघम रेडिओ आहे. दलित शेतकरी बायका तो चालवतात आणि स्वयंसेवी संस्थेने चालवलेला तो देशातला पहिला सामुदायिक रेडिओ. त्यांचं प्रक्षेपण १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं. पण त्याआधी कित्येक वर्षं त्या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून कॅसेटवर गावोगावच्या बैठकांत ऐकवत होत्या. तुम्हीही अर्ध्या तासाचे दहा-बारा कार्यक्रम करा, स्पीकर घेऊन पारावर जा आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा. लोक कुठे उठून जातात, कुठे शेजारच्याला कोपराने ढोसतात, हे तिथे जसं कळतं तसं कुठल्याही प्रश्नावलीत कळत नाही.

परवान्याचा प्रवास

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. सात वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, शैक्षणिक संस्थांना रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळाली. पहिलं केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं, १ फेब्रुवारी २००४ चं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विद्यावाणी २००५ पासून १०७.४ मेगाहर्ट्झवर आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ मध्ये ९०.४ वर सुरू झाली ती त्यातूनच. विद्यावाणी आणि माणदेशी तरंग या दोन्ही केंद्रांत जाऊन एकेक दिवस बसून या. त्यातलं एक विद्यापीठाचं, दुसरं माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांचं. दोन्हींकडून शिकण्यासारखं वेगवेगळं आहे.

अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा या पोर्टलवर करायचा. छाननी झाली की आशयपत्र मिळतं. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून वारंवारता आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी घ्यायची, मंत्रालयाशी करार करायचा आणि शेवटी केंद्र चालवण्याचा परवाना घ्यायचा. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवान्याची मुदत पाचवरून दहा वर्षं झाली आणि केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्म्या तरी स्त्रिया असणं बंधनकारक झालं. ही समिती कागदापुरती ठेवू नका. तिच्यात आशाताई (गावची आरोग्य कार्यकर्ती), बचत गटाची अध्यक्ष, शेजारच्या गावची शिक्षिका अशी माणसं घ्या. विभागप्रमुख बदलत राहतात, ही माणसं तिथेच असतात.

अर्जासाठी एकच सल्ला: विद्यापीठातला एक कायम कर्मचारी नेमून द्या, एकच ईमेल पत्ता वापरा, आणि तो पत्ता पदाच्या नावाने काढा, व्यक्तीच्या नावाने नको. आमची एक त्रुटीची चिठ्ठी निवृत्त झालेल्या माणसाच्या पेटीत चार महिने पडून होती.

अटी तोंडपाठ हव्यात. प्रक्षेपणाची परिणामी शक्ती, म्हणजे अँटेनामुळे मिळणारी वाढ धरून होणारी शक्ती, १०० वॅटपर्यंत. अँटेनाची उंची जमिनीपासून किमान १५ आणि कमाल ३० मीटर. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तिथेच तयार झालेले. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. राजकीय कार्यक्रम नाहीत. बातम्या फक्त आकाशवाणीच्या, मूळ रूपात किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून. ही शेवटची अट मला पटत नाही. गावच्या ग्रामसभेत काय झालं ते गावच्याच रेडिओने सांगू नये, हे चुकीचं आहे. पण अट मोडून केंद्र बंद पडलं तर नुकसान ऐकणाऱ्यांचंच होतं. तिच्या आतही खूप काही करता येतं: पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, पावसाचा इशारा, परीक्षेच्या तारखा, प्रवेशाची मुदत, लसीकरणाचा दिवस. लोकांना रोज लागतं ते हेच.

खोली

दहा बाय बाराची एक खोली पुरते. ती तळमजल्यावर, रस्त्यापासून आणि जिन्यापासून लांब हवी. वर पत्र्याचं छप्पर असेल तर ती खोली घेऊच नका, जून ते सप्टेंबर तिथे काहीही ध्वनिमुद्रित होणार नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे टणटण शेपूट ऐकू आलं की भिंती उघड्या आहेत असं समजायचं. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. लाकडी चौकटीत दोन इंच रॉकवूल (आवाज शोषणारं दगडी धाग्यांचं अस्तर) भरून वरून सुती कापड ताणून बसवा. पैसे नसतील तोवर दोरीवर जाड गोधड्या टांगा. आमची पहिली दोन वर्षं गोधड्यांवर गेली आणि आवाज उत्तम येत होता. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. निम्मा गोंगाट तिथूनच आत येतो.

माईक डायनॅमिक जातीचा घ्या. कंडेन्सर माईक महाग असतो आणि व्हरांड्यातल्या गप्पासुद्धा टिपतो. तोंडापासून अंतर एक वीत, आणि माईक किंचित तिरपा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका थेट बसत नाही. आवाजाच्या काट्यावर सर्वांत मोठा शब्द उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. संपादनाला ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरतं. बाहेरच्या कामासाठी हातात मावणारे दोन रेकॉर्डर आणि त्यांना फोमच्या टोप्या घ्या. मुलाखत संपली की कुणी न बोलता तिथलाच अर्धा मिनिट नुसता आवाज मुद्रित करून आणा. काटछाट करताना सांधे झाकायला तो लागतो.

आणि शक्य असेल तेव्हा माणसाला स्टुडिओत बोलावण्यापेक्षा माणसाकडे जा. जवळच्या वाडीतल्या एका आजींना आम्ही ओव्यांसाठी स्टुडिओत आणलं होतं. गाडी पाठवली, चहा दिला, माईक समोर ठेवला. त्या दोन ओळी म्हणायच्या आणि थांबायच्या, पुढचं आठवेना. आठवड्याने आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या जात्यापाशी बसल्या, खुंट्याला हात लावला, मूठभर ज्वारी टाकली आणि पाऊण तास ओव्या थांबल्या नाहीत. त्या मुद्रणात जात्याची घरघर आहे, मध्येच कोंबडी ओरडते. मी त्यातलं काहीही काढलं नाही.

मनोरा, ट्रान्समीटर आणि पाऊस

लहान केंद्राला सहसा ५० वॅटचा ट्रान्समीटर पुरतो. अँटेनामुळे मिळणारी वाढ धरून परिणामी शक्ती १०० वॅटच्या मर्यादेत बसते. सपाट मुलखात साधारण दहा किलोमीटर चांगलं ऐकू येतं. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे टेकडीआडच्या गावात आवाज विरतो. म्हणून पैसे शक्तीवर नाही तर उंचीवर खर्च करा. प्रक्षेपण सुरू झाल्यावर खिशातला रेडिओ घेऊन मोटारसायकलवर सगळ्या रस्त्यांनी फिरा आणि भिंतीवरच्या त्याच नकाशावर कुठे स्वच्छ, कुठे खरखर, कुठे काहीच नाही अशा तीन रंगांच्या खुणा करा. मोबाइलवर तपासायचं असेल तर आधी त्यात एफएमची सोय आहे का ते बघा, आणि इयरफोनची वायर लावा. तीच त्याची अँटेना असते.

ट्रान्समीटरच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात: पुढे जाणारी शक्ती आणि परत येणारी शक्ती. परत येणारा आकडा रोज सकाळी वहीत लिहायचा. तो एक वॅटच्या आसपास असेल तर ठीक. आमच्याकडे एका जुलैमध्ये तो आठवडाभर हळूहळू चढत गेला, दीड, अडीच, चार, आणि सहावर गेल्यावर ट्रान्समीटरने स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती आपोआप उतरवली. पाच किलोमीटरवरच्या गावातून फोन यायला लागले की तुम्ही बंद आहात का. पाऊस उघडल्यावर तंत्रज्ञ मनोऱ्यावर चढला. अँटेनाजवळच्या जोडावरची टेप सुटलेली होती. जोड उघडला तेव्हा आतून चमचाभर पाणी सांडलं आणि तांब्याची तार हिरवी पडलेली दिसली. तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक जोड उघडून, पुसून, स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळून, वरून साधी टेप मारायचा नेम आम्ही एकदाही चुकवला नाही. केबल खोलीत शिरते तिथे तिला खाली झुकता वळसा द्या, म्हणजे पाणी ओघळून बाहेरच पडतं.

आकाशातल्या विजेपासून वाचवणारा तडितरोधक आणि त्याचं अर्थिंग पावसाआधी मोजून घ्या. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावं लागतं. अँटेना जोडलेली नसताना ट्रान्समीटर कधीही चालू करायचा नाही, हे दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. नवख्या मुलांच्या हातून होणारं सर्वांत महाग नुकसान हेच. गडगडाट जवळ आला की प्रक्षेपण थांबवून सगळं बंद करा. अर्धा तास शांतता परवडते.

काय ऐकवायचं

अर्ध्या तासाच्या चांगल्या कार्यक्रमामागे पाच-सहा तासांचं काम असतं. हा हिशेब धरला तर रोज दोन तास नवं द्यायला रोज चोवीस तासांचं काम लागेल, म्हणजे तीन माणसं पूर्णवेळ. म्हणून दोन नव्हे, रोज एकच तास नवा ठरवा आणि तो तीनदा ऐकवा: सकाळी साडेसहाला, दुपारी एकला, रात्री आठला. पहाटे गोठ्यात असणारा माणूस आणि रात्री भाकरी करणारी बाई एकाच वेळी ऐकत नाहीत, त्यामुळे पुनःप्रसारणाची लाज वाटू देऊ नका. उरलेल्या वेळात गाणी, जुने संग्रहित कार्यक्रम आणि आकाशवाणीच्या बातम्या. वेळ मात्र एका मिनिटानेही हलवू नका. लोक घड्याळापेक्षा रेडिओवर स्वयंपाक लावतात.

लिहिताना कानासाठी लिहा. विद्यापीठात राहून आपल्या भाषेला परिपत्रकाचा वास लागतो. मुलं सुरुवातीला असं लिहून आणतात: ‘सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी आवश्यक कागदपत्रांसह विहित नमुन्यात अर्ज सादर करावेत.’ हे वाचताना वाचणारा गुंतला नाही तरी ऐकणारा गळतो. ते असं करा: ‘या योजनेचा फॉर्म तलाठी कार्यालयात मिळतो. सोबत सातबारा आणि आधार कार्ड न्या. शेवटची तारीख आहे वीस. पुन्हा सांगते, वीस तारीख.’ वाक्य एका श्वासात बसलं पाहिजे, आकडा दोनदा आला पाहिजे. आणि बोली सुधारायला जाऊ नका. पाहुणा ‘व्हय’ म्हणाला तर ते ‘व्हय’च राहू द्या. प्रमाण भाषेतच बोलायचं असतं असं एकदा त्याला वाटलं की तो पुन्हा माईकसमोर येत नाही.

गाण्यांच्या हक्कांकडे सुरुवातीपासून लक्ष द्या. चित्रपटगीतं वाजवायची तर हक्कधारक संस्थांशी करार करून शुल्क भरावं लागतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९६४ साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२४ अखेर संपला. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा आणि त्यांच्या हयातीनंतरही साठ वर्षं चालतो, त्यामुळे तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही. आम्ही यातून काढलेली वाट सोपी होती: परिसरातली भजनी मंडळं, शाहीर, वासुदेव, शाळांची समूहगीतं, महाविद्यालयाचे वाद्यवृंद यांचं स्वतः मुद्रण करायचं, प्रत्येकाकडून प्रसारणाची लेखी परवानगी घ्यायची आणि त्यांना मुद्रणाची एक प्रत द्यायची. तीन वर्षांत आमच्याकडे सहाशेवर पारंपरिक गाणी जमली. ती दुसऱ्या कुठल्याच वाहिनीवर ऐकायला मिळत नाहीत.

माणसं

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या तिसऱ्या वर्षी एक नियम केला आणि केंद्र स्थिरावलं: प्रत्येक कार्यक्रमाला दोन माणसांची जोडी, एक जाणारा आणि एक राहणारा. जाणारा म्हणजे विद्यार्थी. त्याला संपादन पटकन येतं, उत्साह असतो, नव्या कल्पना असतात. राहणारा म्हणजे परिसरातलं कुणीतरी, जे पुढची दहा वर्षं इथेच असणार. शेतीच्या कार्यक्रमाला विद्यार्थिनीबरोबर शेजारच्या गावचे एक शेतकरी होते. आरोग्याच्या कार्यक्रमाला आशाताई. वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी दर शनिवारी ‘आज काय शिजवलं’ सांगायच्या, आणि त्यांच्या तोंडून तूर महागली हे ऐकताना बाजारभाव आपोआप कळायचा.

सकाळची बसची माहिती एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक काका द्यायचे. तीस वर्षं स्थानकाच्या भोंग्यावर घोषणा केलेला तो आवाज होता. आम्ही त्यांना काहीच शिकवलं नाही. उलट, गावाचं नाव संपल्यावर क्षणभर थांबायचं म्हणजे ज्याचं गाव आहे तो कान टवकारतो, हे मुलं त्यांच्याकडून शिकली. एका उन्हाळ्यात सगळी मुलं गेल्यावर काका, मावशी आणि आशाताई या तिघांनी दीड महिना सकाळचं प्रक्षेपण सांभाळलं. त्या दीड महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप नेहमीपेक्षा जास्त आले.

विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून पगारी तास मिळवा, राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत रेडिओचं काम धरून घ्या. फुकटचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो, त्यानंतर ज्याला खोलीभाडं भरायचं आहे तो दुसरं काम शोधतो, आणि त्यात त्याची चूक नाही. राहणाऱ्यांनाही मानधन द्या. रक्कम छोटी चालेल, पण ती दर महिन्याला त्याच तारखेला त्यांच्या खात्यात गेली पाहिजे.

नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात माईकवर बसवू नका. त्याला आधी वही, केबल आणि फाइलींची नावं शिकवा. फाइलीचं नाव नेहमी तारखेपासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, कार्यक्रम, भाग. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा नावांत आमचा एक अख्खा मालिकेचा भाग हरवला तो हरवलाच.

पैसा

खर्चाची खाती चारच: दोन पूर्णवेळ माणसांचे पगार, वीज, मानधन आणि दुरुस्ती. पहिली दोन विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली यायला हवीत. कुलगुरूंच्या मर्जीतल्या निधीवर चाललेलं केंद्र कुलगुरू बदलले की अडचणीत येतं. जाहिरातींना २०२४ पासून तासाला बारा मिनिटांची मुभा आहे आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे, म्हणजे मिनिटाला ४४४. त्यासाठी केंद्रीय संचार ब्युरोकडे नोंदणी करावी लागते. बिलं उशिरा निघतात, म्हणून हा पैसा आला तर दुरुस्तीला, असं धरून चला, पगाराला नको. स्थानिक दुकानदाराची जाहिरात मिळवायला स्वतः जा आणि ती त्याच्याच आवाजात मुद्रित करा. भांड्यांच्या दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली जाहिरात गाव ओळखतं.

विद्यापीठात पाचशे रुपयांचा जोड घ्यायलाही तीन दरपत्रकं आणि दोन महिने जातात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एकदम खरेदी करून कपाटात ठेवा: माईकच्या चार केबली, जोडांचे दोन संच, रबरी टेप, यूपीएसच्या बॅटऱ्या, एक जादा माईक आणि गाणी-कार्यक्रमांच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. त्यातली एक डिस्क दुसऱ्या इमारतीत.

वर्ष कसं आखायचं

जानेवारी-फेब्रुवारीत, मुलं हाताशी असताना, चाळीस तासांचे न शिळे होणारे कार्यक्रम राखीव म्हणून करून ठेवा: गोष्टी, ओव्या, जुन्या माणसांच्या आठवणी, पिकांची सर्वसाधारण माहिती. एप्रिल-मेमध्ये रोजचा नवा तास यातून आणि राहणाऱ्या मंडळींच्या थेट कार्यक्रमांतून भागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षांसाठी असाच पंधरा तासांचा साठा ऑगस्टमध्ये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हस्तांतरण: प्रत्येक जाणाऱ्याने आपल्या कार्यक्रमाचं एक पान हाताने लिहायचं. कुणाला फोन करायचा, कुणाकडे कुठल्या वेळी जायचं नाही, कुठला पाहुणा माईक बघून गप्प होतो आणि त्याला बोलतं कसं करायचं.

ती पानं एका फाइलीत लावून ट्रान्समीटरच्या वहीशेजारी ठेवा. जुलैमध्ये नवी मुलं आली की पहिल्या दिवशी त्यांच्या हातात ही फाइल द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला त्यांना काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसवा.